एका आजाराची चार नावे

समजा, पंचवीस वर्षांचा एक तरुण डॉक्टरांकडे आला आहे. त्याचा उजवा गुडघा सुजला आहे, हात लावला तर गरम लागतो, पाय टेकवत नाही. कुठे पडल्याचे किंवा मार लागल्याचे त्याला आठवत नाही. डाव्या पायाची टाच सकाळी अंथरुणातून उठताना ठणकते. गेल्या आठवड्यात डोळे आले होते, पण तेव्हा गावात साथच होती, असे तो म्हणतो. डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात, रक्त तपासतात, दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या लिहून देतात. एक प्रश्न मात्र ते विचारत नाहीत आणि तोही आपण होऊन सांगत नाही : तीन आठवड्यांपूर्वी लघवी करताना जळजळ होत होती का?

गुडघा, डोळा आणि मूत्रमार्ग. शाळेच्या पुस्तकात हे तीन अवयव तीन वेगळ्या धड्यांत असतात. त्यांतला शेवटचा धडा तर पुष्कळदा 'घरी वाचून या' असे सांगून उरकला जातो. पण काही माणसांत या तिन्ही ठिकाणची दुखणी एकाच धाग्यात ओवलेली असतात. लैंगिक संबंधातून मूत्रमार्गात जिवाणूंचा संसर्ग होतो आणि एक ते चार आठवड्यांनी सांधे सुजतात. काही रुग्णांत हीच गोष्ट हगवणीनंतर घडते. या आजाराला आज 'रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस' म्हणतात. आपण त्याला 'प्रतिक्रियात्मक संधिदाह' म्हणू.

गेल्या दोनशे वर्षांत या आजाराला निदान चार नावे मिळाली. बहुतेक वेळा नाव देणाऱ्याला वाटत होते की आपल्याला कारण सापडले. ही गोष्ट शिक्षकांच्या चांगली ओळखीची आहे. 'फळ खाली का पडते?' या प्रश्नाला आपण 'गुरुत्वाकर्षणामुळे' असे उत्तर देतो, मूल गप्प बसते आणि दोघांनाही वाटते की प्रश्न सुटला. खरे तर आपण फक्त प्रश्नाला नाव दिलेले असते. या आजाराची चार नावे एकामागून एक तपासली, तर नाव देणे आणि समजणे यांतले अंतर फार स्पष्ट दिसते.

पहिले नाव : परम्याचा संधिवात

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये बेंजामिन ब्रॉडी हे शल्यचिकित्सक काम करत होते. सांध्यांच्या रोगांवर त्यांनी १८१८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी पाच पुरुष रुग्णांची हकिगत नोंदवली आहे. त्यांना मूत्रमार्गाचा दाह, डोळ्यांचा दाह आणि सांध्यांची सूज अशा तिन्ही तक्रारी होत्या, आणि काहींना हे सगळे चक्र बरे होऊन पुन्हा सुरू झाले होते. रोगजंतूंची कल्पनाही रुजलेली नव्हती असा तो काळ. ब्रॉडी यांच्या हातात होते ते फक्त निरीक्षण आणि काय आधी घडले, काय नंतर घडले याची नोंद.

त्या काळी मूत्रमार्गातून पू येणे म्हणजे परमा, असे सरळ समीकरण होते. परमा झालेल्या माणसाचे सांधे सुजले, तर तो परम्याचा संधिवात. यापलीकडे विचार करण्याचे साधनही नव्हते.

ते साधन १८७९ साली मिळाले. जर्मनीतील अल्बर्ट नायसर यांनी परम्याच्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली एक जिवाणू दाखवून दिला. कॉफीच्या दोन बिया सपाट बाजूंनी समोरासमोर ठेवाव्यात तसे हे जिवाणू जोडीजोडीने दिसतात. पुढे त्याला गोनोकोकस म्हणू लागले. आता परमा ओळखण्यासाठी पुराव्याची कसोटी हाती आली, आणि कसोटी आली की जुने समीकरण लगेच डळमळू लागते. काही रुग्णांच्या पुवात गोनोकोकस सापडे, काहींच्या सापडत नसे. सांध्यांचेही तसेच. काहींच्या सुजलेल्या सांध्यातील पाण्यात गोनोकोकस असे. तो खरोखर सांध्यात शिरतो आणि वेळीच उपचार झाला नाही तर सांध्यातील कूर्चेचा नाश करतो. इतर काहींच्या सांध्यात मात्र काहीच वाढत नसे.

या दुसऱ्या गटाच्या मूत्रमार्गदाहाला डॉक्टरांनी 'गोनोकोकस नसलेला मूत्रमार्गदाह' असे नाव दिले. पिशवीत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे काय नाही तेवढे चिठ्ठीवर लिहावे, तसे हे नाव होते. पण त्यात प्रामाणिकपणा होता. पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलीन आले. परमा त्याने झटकन बरा होऊ लागला, तरी काही रुग्णांची जळजळ आणि स्राव चालूच राहिला. गोनोकोकस मेला होता, मग आणखी कोण शिल्लक होते? हा प्रश्न आपण जरा बाजूला ठेवू, कारण दरम्यान युरोपात महायुद्ध सुरू झाले होते आणि या आजाराची गोष्ट खंदकांमध्ये जाऊन पोचली होती.

दुसरे नाव : स्प्रिंगसारखा जिवाणू

पहिल्या महायुद्धात १९१६ साली एकाच महिन्यात, एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांतल्या डॉक्टरांनी जवळजवळ सारखेच निरीक्षण छापले. फ्रान्समध्ये फिसिंजर आणि लरॉय यांनी हगवणीच्या साथीनंतर डोळे, मूत्रमार्ग आणि सांधे यांचा दाह झालेल्या चार सैनिकांची माहिती दिली. जर्मनीच्या बाजूने हान्स रायटर या लष्करी डॉक्टरांनी बाल्कन आघाडीवरच्या एका तरुण घोडदळ अधिकाऱ्याची हकिगत लिहिली. या अधिकाऱ्याला आधी पोटात कळा येऊन रक्ताची हगवण लागली आणि काही दिवसांनी हीच तीन लक्षणे दिसू लागली.

फ्रेंच डॉक्टरांनी आपल्या निरीक्षणाला लक्षणांवरून नाव दिले. रायटर मात्र एक पाऊल पुढे गेले. या अधिकाऱ्याच्या रक्तातून आपल्याला एक स्प्रिंगसारखा पिळदार जिवाणू, म्हणजे स्पायरोकीट, मिळाला आणि तोच या आजाराचे कारण आहे असे त्यांनी जाहीर केले. आजाराचे नावही त्यांनी त्या जिवाणूवरूनच ठेवले.

ही चूक होती. या आजारात तसा कोणताही स्पायरोकीट नसतो. पण चूक का झाली हे पाहण्यासारखे आहे. थोडेच दिवस आधी रायटर आणि त्यांचे सहकारी ह्यूबनर यांनी वाइलच्या रोगाचे, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची धास्ती असते त्या लेप्टोस्पायरोसिसचे, कारण शोधण्यात वाटा उचलला होता. ते कारण खरोखरच एक स्पायरोकीट होते. सिफिलिसचे कारणही स्पायरोकीटच, हे १९०५ साली कळले होते. ज्याला नुकते एका झाडाखाली धन सापडले आहे, तो दुसऱ्या झाडाखालीही आधी तिथेच खणून पाहतो. विज्ञानात हे वारंवार घडते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त दुसऱ्या कोणीतरी येऊन तो खड्डा पुन्हा तपासला पाहिजे.

तिसरे नाव : रायटरचा आजार

अमेरिकेतील बॉस्टन शहरात वॉल्टर बाउअर आणि त्यांचे तरुण सहकारी एफ्राइम एंगलमन यांनी १९४२ साली या आजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. कारण अज्ञात आहे हे त्यांनी शीर्षकातच स्पष्ट केले आणि सोयीसाठी 'रायटरचा आजार' हे नाव वापरले. स्पायरोकीटची कल्पना मागे पडली, पण ती मांडणाऱ्याचे नाव आजाराला चिकटले. ब्रॉडी यांचे शंभर वर्षे आधीचे निरीक्षण आणि फ्रेंच डॉक्टरांचे त्याच महिन्यातले निरीक्षण बाजूला पडले. इंग्रजी पुस्तकांत हे नाव रूढ झाले. आम्ही शिकत होतो तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांतही हेच नाव होते आणि परीक्षेत तीन लक्षणे लिहिली की पूर्ण गुण मिळत. नाव कोणाचे, असे आम्ही कधी विचारले नाही. त्या नावाकडे आपण शेवटी परत येऊ.

नाव रूढ झाले तरी कोडे सुटले नव्हते. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि हगवण अशा दोन निरनिराळ्या वाटांनी एकच आजार कसा येतो? आणि संसर्ग झालेल्या इतक्या लोकांपैकी थोड्यांनाच का होतो?

दुसऱ्या प्रश्नाला आकड्यांचा आधार दोन घटनांमुळे मिळाला. फिनलंडमध्ये १९४४ साली कारेलियाच्या युद्धभूमीवर हगवणीची प्रचंड साथ आली. सुमारे दीड लाख लोकांना लागण झाली असा अंदाज होता. पारोनेन या डॉक्टरांनी त्यांतून या संधिदाहाचे ३४४ रुग्ण अभ्यासून १९४८ साली माहिती प्रसिद्ध केली. दुसरी घटना १९६२ ची. अमेरिकेच्या एका युद्धनौकेवर सहलीच्या जेवणातून हगवण पसरली. नौकेवर १२७६ माणसे होती. त्यांतली ६०२ आजारी पडली, ६७४ ठणठणीत राहिली. पुढच्या काही आठवड्यांत ९ जणांना डोळे, मूत्रमार्ग आणि सांधे यांचा आजार झाला. हे नऊही जण हगवण झालेल्यांपैकी होते. हगवण न झालेल्या ६७४ पैकी एकालाही तो झाला नाही.

ही उदाहरणे दहावीच्या वर्गात गणित म्हणून देण्यासारखी आहेत. पहिल्या घटनेत प्रमाण हजारी दोन-अडीच येते, दुसऱ्यात हजारी पंधरा. नौकेवर सगळ्यांचे अन्न तेच, जिवाणू तोच, हवा तीच. मग ६०२ मधले ते नऊच का? उत्तर जिवाणूत नसेल, तर ते माणसात असले पाहिजे.

खुपरीपासून मूत्रमार्गापर्यंत

आता बाजूला ठेवलेला प्रश्न घेऊ. गोनोकोकस नसलेल्या मूत्रमार्गदाहामागे कोण होते?

याचा माग लागला तो डोळ्यांच्या एका जुन्या रोगातून. खुपरी हा रोग आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांना चांगला ठाऊक होता. त्याने लाखो लोकांची दृष्टी घेतली. जावा बेटावर १९०७ साली हालबरस्टेटर आणि प्रोवाझेक या दोन संशोधकांनी खुपरीच्या रुग्णाच्या पापणीतून खरवडलेला अंश ओरांगउटान माकडांच्या डोळ्यांत घातला. नंतर त्या पेशी रंग देऊन पाहिल्या, तेव्हा त्यांना पेशींच्या आत बारीक कणांचे पुंजके दिसले. हे कण जणू झगा पांघरून बसले आहेत असे वाटल्याने त्यांनी 'झगा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव घडवले. त्यातूनच पुढे 'क्लॅमायडिया' हा शब्द आला. गंमत म्हणजे हे दोघे जावाला गेले होते ते सिफिलिसवर संशोधन करणाऱ्या तुकडीबरोबर, आणि त्या तुकडीचे प्रमुख होते गोनोकोकस शोधणारे नायसर.

पुढच्या काही वर्षांतच तसेच पुंजके नवजात बाळांच्या सुजलेल्या डोळ्यांत, त्यांच्या आयांच्या गर्भाशयमुखात आणि मूत्रमार्गदाह झालेल्या पुरुषांतही दिसले. म्हणजे डोळा आणि जननमार्ग यांतला दुवा १९१० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली आला होता. पण तो सिद्ध करता येईना, कारण हा जीव प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या खाद्यावर वाढतच नव्हता. जिवंत पेशीच्या बाहेर त्याचे काही चालत नाही. त्यामुळे बराच काळ त्याला विषाणू समजत. बीजिंगमध्ये तांग फेइफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातील बलकाच्या पिशवीत खुपरीचा जिवाणू वाढवून १९५७ साली तो शोध प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी लंडनमध्ये हाच जिवाणू एका स्त्रीच्या गर्भाशयमुखातून मिळवण्यात आला. तिच्या नवजात बाळाचे डोळे आले होते, त्यावरून शोध आईपर्यंत पोचला होता. १९६० च्या दशकात तो पुरुषांच्या मूत्रमार्गातही सापडला आणि तो विषाणू नसून जिवाणूच आहे हेही मान्य झाले. 'काय नाही' एवढेच लिहिलेल्या त्या चिठ्ठीवर अखेर एक नाव आले : क्लॅमायडिया ट्रॅकोमॅटिस.

या जिवाणूचा स्वभाव समजून घेतला तर पुढचे बरेच काही कळते. त्याची दोन रूपे असतात. एक टणक, न वाढणारे रूप पेशीकडून पेशीकडे जाते. ते बीसारखे असते. पेशीत शिरल्यावर ते दुसरे रूप घेते, फुगते, विभागते आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा असंख्य बिया तयार करून पेशीबाहेर पडते. माणसाला मात्र हे सगळे कळतेच असे नाही. पुष्कळ पुरुषांना आणि बहुतेक स्त्रियांना काही त्रासच जाणवत नाही. स्त्रियांत हा संसर्ग गाजावाजा न करता गर्भनलिकांपर्यंत जातो आणि वंध्यत्वाचे कारण होऊ शकतो.

चौथे नाव : प्रतिक्रिया

फिनलंडमधील आहवोनेन, सिव्हर्स आणि आहो यांनी १९६९ साली 'रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस' हा शब्द वापरला. येर्सिनिया नावाच्या जिवाणूमुळे पोट बिघडल्यानंतर सांधे सुजलेले रुग्ण त्यांनी पाहिले होते. सांध्यातील पाण्यात जिवाणू वाढत नव्हते. म्हणून त्यांचे म्हणणे असे की जिवाणू आतड्यात असतो आणि सांध्यात उमटते ती शरीराने दिलेली प्रतिक्रिया. वाटा दोन असल्या तरी आजार एक का, याचे पटण्यासारखे उत्तर प्रथमच मिळाले.

'माणसात काय वेगळे आहे' या प्रश्नाला १९७३ साली धागा मिळाला. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. पेशीच्या आत चाललेल्या घडामोडींचे नमुने, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, ती बाहेर धरून दाखवतात. गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी ते तुकडे तपासतात आणि परके काही दिसले तर हल्ला करतात. ही दाखवणारी प्रथिने माणसागणिक वेगळी असतात. त्यांतल्या एका प्रकाराला 'एचएलए बी-२७' म्हणतात. मणक्याचे सांधे आखडून टाकणाऱ्या एका आजारात बहुतेक रुग्णांत हा प्रकार आढळतो, असे त्या वर्षी लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी दाखवले. पाठोपाठ लंडनच्या ब्रूअर्टन यांच्या गटाला आपल्या संधिदाहाच्या रुग्णांतही सुमारे तीन-चतुर्थांश जणांत बी-२७ मिळाला. इंग्लंडच्या सर्वसाधारण लोकांत त्याचे प्रमाण शेकडा ८ च्या आसपास आहे. फिनलंडमध्ये ते शेकडा १४ पर्यंत जाते. या आजाराच्या अभ्यासात फिनलंडचे नाव पुन्हा पुन्हा का येते, याचे थोडे उत्तर यात असावे.

मग दोन संशोधकांना त्या युद्धनौकेची आठवण झाली. चौदा वर्षांनी, म्हणजे १९७६ साली, त्यांनी त्या नऊ जणांचा शोध घेतला. पाच जण सापडले. त्यांतल्या चौघांत बी-२७ होता.

कोडे सुटले असे इथे वाटेल, पण तसे नाही. बी-२७ असलेल्या बहुसंख्य माणसांना हा आजार कधीच होत नाही. उलट पुढच्या व्यापक पाहण्यांत बी-२७ नसलेले रुग्णही मोठ्या संख्येने आढळले. म्हणून ही रक्ततपासणी एकट्याने निदान करू शकत नाही. बी-२७ नेमके काय करतो याबद्दल अनेक कल्पना आहेत, एकमत नाही. एक प्रयोग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. माणसाचा बी-२७ चा जनुक घातलेल्या उंदरांच्या मोठ्या जातीत आतड्याचा आणि सांध्यांचा दाह आपोआप होतो, असे १९९० साली दिसले होते. तेच प्राणी पूर्णपणे जिवाणूरहित वातावरणात वाढवले तेव्हा त्यांना ना आतड्याचा दाह झाला, ना सांध्यांचा. तो निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन आणि बी दोन्ही लागतात, हे यावरून दिसते.

सांधा खरेच रिकामा होता का?

चौथे नावही पूर्ण खरे ठरले नाही. 'सांध्यात जिवाणू नसतो' हे या नावाचे गृहीतक होते. कॅलिफोर्नियात शाख्टर आणि सहकाऱ्यांनी १९६६ सालीच अशा रुग्णांच्या सांध्यातून क्लॅमायडिया गटाचे जीव मिळवल्याचे कळवले होते. त्या गटात बॉस्टनचे एंगलमनही होते. पण इतरांना तसे यश सहसा येईना, म्हणून तो निष्कर्ष शंकास्पद मानला गेला. लंडनमध्ये १९८७ साली कीट आणि टेलर-रॉबिन्सन यांच्या गटाने चमकणारी प्रतिद्रव्ये वापरून आठपैकी पाच रुग्णांच्या सांध्यांत क्लॅमायडियाचे कण दाखवले. मग डीएनएच्या अनेक प्रती काढणारी पीसीआर पद्धत आली आणि सांध्यात या जिवाणूचा डीएनए मिळाला. पुढे १९९० च्या दशकातच त्याचा आरएनएही मिळाला. डीएनए मेलेल्या जिवाणूचाही काही काळ टिकू शकतो. आरएनए फार लवकर नष्ट होतो, त्यामुळे तो मिळणे म्हणजे आतला जीव जिवंत असल्याची खूण.

आज चित्र असे दिसते : क्लॅमायडिया रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लपून सांध्याच्या अस्तरापर्यंत पोचतो आणि तिथे न वाढता, पण जिवंत राहून पडून राहतो. खाद्यावर घातला तर वाढत नाही, म्हणून सांधा रिकामा वाटतो. आपली पद्धत ज्याला पाहू शकत नाही ते अस्तित्वातच नाही, असे म्हणणे किती धोक्याचे आहे ते इथे दिसते.

निदान आणि उपचार

या आजाराची एकच अशी खात्रीची तपासणी आजही नाही. निदान सुरू होते ते ब्रॉडी यांच्याच पद्धतीने : काय आधी घडले आणि काय नंतर? पायाचे एक-दोन मोठे सांधे, तेही दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. टाचेत ठणका. डोळे लाल. त्याआधीच्या महिन्याभरात हगवण, मूत्रमार्गाची जळजळ किंवा नवा लैंगिक संबंध. तिन्ही जुनी लक्षणे एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, म्हणून तीन मोजत बसणे चूक ठरते. लघवीच्या पहिल्या धारेच्या नमुन्यात, स्त्रियांत योनिमार्गातून घेतलेल्या नमुन्यात, क्लॅमायडियाचे जनुकद्रव्य शोधता येते. सुजलेल्या सांध्यातून सुईने पाणी काढून तपासणे फार महत्त्वाचे, कारण सांध्यात पू करणारा साधा जिवाणू किंवा गोनोकोकस असेल तर दिवस मोजण्याइतकाही वेळ नसतो. त्याबरोबर सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणीही करून घेतात.

उपचाराचे दोन भाग आहेत. पहिला भाग संसर्गाचा. क्लॅमायडिया सापडला तर योग्य प्रतिजैविक, बहुधा डॉक्सिसायक्लिन सात दिवस, आणि जोडीदारावरही उपचार. जोडीदाराला वगळले तर संसर्ग पुन्हा येतो आणि त्याबरोबर सांधेदुखीही उलटू शकते. दुसरा भाग सांध्याचा. दाह कमी करणाऱ्या गोळ्या, सांध्यात संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर स्टिरॉइडचे इंजेक्शन, पुढे व्यायाम. बहुतेकांचा आजार काही महिन्यांत ते वर्षभरात ओसरतो. काहींचा रेंगाळतो, त्यांना सल्फासलाझिनसारखी औषधे देतात.

सांध्यात जिवंत क्लॅमायडिया असेल, तर प्रतिजैविके दीर्घकाळ देऊन सांधेदुखी बरी होईल का? फिनलंडमध्ये १९९१ साली तीन महिने औषध देऊन काही फायदा दिसला, तोही क्लॅमायडियाच्या रुग्णांतच. इतर काही चाचण्यांत फायदा दिसला नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आजार रेंगाळलेल्या ४२ रुग्णांपैकी काहींना दोन प्रतिजैविके एकत्र सहा महिने दिली, तर काहींना औषध नसलेल्या गोळ्या. प्रतिजैविके घेणाऱ्या २७ पैकी १७ जणांना बराच आराम पडला, नुसत्या गोळ्या घेणाऱ्या १५ पैकी ३ जणांना. आकडे आशादायक आहेत, पण ४२ रुग्ण फार थोडे. म्हणून हा उपचार अजून सर्वांसाठीचा नियम झालेला नाही.

एक नाव मागे घेतले जाते

आता तिसऱ्या नावाकडे परत येऊ. पहिल्या महायुद्धातले ते लष्करी डॉक्टर हान्स रायटर पुढे नाझी पक्षात गेले आणि हिटलरच्या काळात जर्मनीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यालयाचे प्रमुख झाले. वंशशुद्धीच्या नावाखाली माणसांची सक्तीने नसबंदी करणाऱ्या धोरणाचे ते समर्थक होते. बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांवर टायफसच्या लशीचे प्रयोग झाले आणि त्यांत माणसे मेली. त्या प्रयोगांशीही त्यांचा संबंध होता. युद्धानंतर त्यांना अटक झाली, काही काळाने सुटका झाली. १९६९ साली त्यांचा मृत्यू झाला तेव्हा जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी त्यांचे नाव पाठ करत होते.

हे नाव वापरू नये अशी मागणी काही डॉक्टरांनी १९७७ साली सुरू केली. तिला वेळ लागला. शेवटी २००७ साली अमेरिकेतल्या एका संधिवातविषयक मासिकात चार जणांच्या सहीचे एक निवेदन छापून आले. 'रायटरचा आजार' हे नाव सुचवले होते ते आम्ही मागे घेत आहोत, असे त्यात म्हटले होते. सही करणाऱ्यांत एफ्राइम एंगलमन होते. बॉस्टनच्या निबंधात ते नाव वापरले तेव्हा त्यांनी नुकतीच तिशी ओलांडली होती. आता ते नव्वदीच्या पुढे गेले होते. पासष्ट वर्षांपूर्वी आपण लिहिलेला एक शब्द त्यांनी स्वतःच्या सहीने खोडला.

निबंध छापताना त्यांना हा इतिहास ठाऊक नव्हता, हे उघड आहे. ठाऊक झाल्यावर काय करायचे, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी दिले. गोनोकोकसची चूक सूक्ष्मदर्शकाने दुरुस्त केली, स्पायरोकीटची चूक इतरांच्या तपासणीने, रिकाम्या सांध्याची चूक नव्या तंत्राने. ही एक चूक मात्र कोणत्याही उपकरणाने दुरुस्त झाली नसती.

सुरुवातीच्या त्या तरुणाकडे शेवटी जाऊ. त्याच्या लघवीची तपासणी आज होऊ शकते, औषध स्वस्त आहे आणि सात दिवसांचे आहे. अडते ते एका प्रश्नापाशी. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, त्याला सांगायला लाज वाटते, आणि जिला काहीच त्रास जाणवत नाही त्या त्याच्या जोडीदाराला कोणी तपासायला सांगत नाही. ही लाज तो दवाखान्यात घेऊन येतो, पण ती त्याला बहुधा त्याच्या आधीच कुठेतरी मिळालेली असते. प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडला जातो, तो दिवस आठवून पाहा. त्या तासाला फळ्यावर डोळा, मूत्रमार्ग आणि गुडघा अशी तीन साधी चित्रे काढावीत आणि मुलांना विचारावे, या तिघांत संबंध काय असेल? उत्तर लगेच सांगू नये. आधी त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.